आबांचा फोन आणि माझी तीन मिनिटं

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर तर असं की वाण्याला किराण्याची यादी दिली की तो ती माझ्याच हातात परत देऊन "तुम्हीच वाचा" म्हणतो. मग मला चारचौघांत वाचायची लाज वाटते आणि मी अर्धं सामान न घेताच घरी येते. तेव्हा हे जो कोणी वाचेल त्याने आधीच माफ करावं. पण आमच्या समोरच्या आबांविषयी कोणीतरी लिहून ठेवायला हवं, कारण टेलिफोन ज्याने शोधून काढला त्यालाही तो आबांइतका कळला नसेल, असं माझं ठाम मत आहे.

आबा जळगावातले जुने कापसाचे दलाल. मुंबईचे भाव लवकर कळावेत म्हणून त्यांनी फोन घेतला. पुढे दलाली थांबली, फोन राहिला, आणि साऱ्या गल्लीत तो एकच होता. घंटी वाजली की आबा आधी टोपी घालायचे, कोटाचं वरचं बटण लावायचे आणि मगच रिसीव्हर उचलायचे. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, कपाळाला हात लावून म्हणायच्या, "अहो, पलीकडचा काय तुम्हाला बघतोय?" त्यावर आबा शांतपणे सांगायचे, "आज नाही बघत. उद्या बघेल. सवय आत्तापासून हवी." जितकं गाव लांब तितका त्यांचा आवाज चढायचा. भुसावळशी ते बसून बोलायचे, अमळनेरशी उभं राहून. मुंबईचा फोन असला की अक्का शेजारच्या बाळंतिणीला आधी निरोप पाठवायच्या, बाळाला उचलून घे म्हणून.

गल्लीत कोणाचंही लग्न निघालं की पत्रिकेवर आबांचा नंबर छापला जायचा आणि पुढे कंसात पी.पी. लिहिलेलं असायचं. म्हणजे फोन आबांचा, निरोप दुसऱ्याचा. निरोप पोहोचवायला आबा स्वतः जायचे आणि तो जसाच्या तसा द्यायचे. जसाच्या तसा म्हणजे पलीकडचा माणूस रडला असेल तर आबा रडायचे, आणि तो खोकला असेल तर त्याच जागी खोकायचे. एकदा गल्लीतल्या मास्तरांच्या आईचा फोन आला. आबा भर दुपारी मास्तरांच्या दारात उभे राहिले, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मेल्या, चार पत्रं टाकली, एकाचं उत्तर नाही. हात मोडले का तुझे?" मास्तर मान खाली घालून अंगठ्याने जमीन उकरू लागले. आबा घरी आले आणि त्यांनी म्हातारीला फोनवर कळवलं, "मान खाली घातली आहे. अंगठ्याने जमीन उकरतोय." मी त्यांच्या या पद्धतीला हसले तर म्हणाले, "पोरी, नुसते शब्द तर पोस्टमनही आणतो."

उन्हाळ्यात संध्याकाळी ओट्यावर पाणी मारून आबा बसले की पुढच्या काळाचं जळगाव रंगवायचे. मी दाराआड तांदूळ निवडत ऐकायचे. "घरोघरी फोन येतील. घरोघरी काय, माणसागणिक येतील. दळण घेऊन निघालेल्या बाईच्या पिशवीत फोन वाजेल. माणूस जेवताना बोलेल, न्हाताना बोलेल, तिरडी उचलताना खांदा बदलून बोलेल." कोणीतरी विचारायचं, "मग आबा, तुम्ही काय करणार?" आबा म्हणायचे, "सगळेच बोलत असतील तर ऐकायला कोण राहील? मी तेव्हा दुकान काढणार. आत एक खुर्ची, पाण्याचा माठ, आणि फोन नाही. तासाला चार आणे. बघा कशी रांग लागते." अक्का आतून म्हणायच्या, "पहिली मीच बसेन." त्यांचंही बरोबर होतं. लग्नसराईत तो फोन इतका वाजायचा की पुरणपोळी तव्यावर करपायची आणि आबा टोपी घालून वऱ्हाडाची एस.टी. कुठवर आली ते तिसऱ्याच कोणाला सांगत असायचे. एकदा अक्कांनी फोनवर गोधडी घातली. आबांनी गोधडीच्या आत डोकं घालून निरोप घेतला, टोपीसकट.

आमचे हे दीपनगरच्या वीजकेंद्रात कामाला, आठवड्याने घरी यायचे. माझी आई धुळ्याला भावाकडे. तिचे गुडघे गेले होते, एस.टी.त चढता येत नव्हतं. मला पोरंबाळं आणि म्हशी सोडून निघता यायचं नाही. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्राचा उपयोग नव्हता. तिच्या घराखाली एका मारवाडी शेठजींचं कापडाचं दुकान होतं, तिथून ती आबांकडे फोन करायची. आणि मी अशी बुजरी की रिसीव्हर हातात घ्यायलाच तयार नव्हते. त्यामुळे वर्षभर आई मला आबांच्या तोंडून भेटत होती. आबा दारात येऊन, डोक्यावर नसलेला पदर सावरून, आईच्या आवाजात विचारायचे, "जेवनी का वो माय?" मी मान हलवायचे. आबा परत जाऊन कळवायचे, "मान हलवली."

शेवटी आई त्यांना म्हणाली, "आबा, माले पोरना आवाज ऐकना शे, तुमना नही." आबांना जरा लागलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून धुळ्याला ट्रंककॉल लावला आणि मला बोलावून घेतलं. पण ट्रंककॉल म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. सगळी गल्ली आबांच्या बैठकीत जमली, बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या. रिसीव्हरमधून आई म्हणाली, "कशी शे वो माय?" मी मान हलवली. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा हलवली. आबा मागून हळूच म्हणाले, "पोरी, मान हलवली तर धुळ्याला दिसत नाही अजून." लोक हसले आणि माझा उरलासुरला आवाजही गेला. मला तिकडून आईचा श्वास ऐकू येत होता. मग ऑपरेटर बाई मधे आली, तीन मिनिटं झाली म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मी पदराच्या गाठीतून पैसे काढून आबांपुढे ठेवले. त्यांनी हात मागे घेतला. "ट्रंककॉल बोलण्याचा असतो. तू बोललीस का? मग पैसे कसले? बोलशील त्या दिवशी दे."

काही आठवड्यांनी आईचा फोन आला. गल्ली पुन्हा जमली. आबांनी टोपी घातली होतीच. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि लोकांना म्हणाले, "चला रे सगळे चौकात. एक निरोप द्यायचा राहिलाय, असा आहे की सगळ्यांनीच ऐकावा." अक्कांनासुद्धा घेऊन गेले आणि बाहेरून कडी लावली.

खोलीत मी आणि फोन. मी म्हटलं, "आई, तू जेवलीस का?" मी पुन्हा विचारलं. मग आई रागाने म्हणाली, "आबा, माले फसाडू नका. हाई तुम्हीच शेतस."

आता काय करावं? माझाच आवाज, आणि तो माझा आहे हे मला सिद्ध करायचं होतं. मी म्हटलं, "भाकरीचा वरचा पापुद्रा तू मला द्यायचीस आणि खालचा जाड भाग भावाला. आणि म्हणायचीस, त्याला सांगू नको." आई इतकी हसली की शेठजींनी तिला पाणी आणून दिलं. मग मी बोलतच सुटले. म्हशी, पोरं, यांची ड्यूटी, वाण्याची यादी, सगळं सांगितलं.

चौकात आबांनी कसला निरोप दिला ते मी नंतर मास्तरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कसला निरोप. पुढच्या काळात चंद्रावरून कुळथाची शेंगोळी कशी मागवतील ते सांगत होते, आणि सारखे स्वतःच्याच घराच्या खिडकीकडे बघत होते."

मी पुन्हा पैसे घेऊन गेले. आबा म्हणाले, "हा फोन तुझ्या आईने लावला, पैसे तिने भरले. माझे अजून यायचेत. तू स्वतः बुक करून बोलशील तेव्हा फिटतील." ते मला जमेना. आईशी बोलणं वेगळं, परक्या ऑपरेटरला नंबर सांगणं वेगळं. म्हणून पैसे तसेच राहिले, आणि आई होती तोवर ती फोन लावायची आणि मी बोलायचे.

पुढे आबा-अक्का मुलाकडे मुंबईला गेले. फोन बंद करून घेतला. लग्नपत्रिकांवर दुसऱ्या गल्लीतला नंबर येऊ लागला. मास्तर एकदा त्यांना भेटून आले आणि म्हणाले, "त्या इमारतीत प्रत्येक दाराआड फोन आहे. मुलगा खांद्याने रिसीव्हर धरून जेवतो. शेजारच्याचं नाव आबांना माहीत नाही. घंटी वाजली की आबा अजून टोपी घालतात, पण तोवर दुसरंच कोणीतरी उचलतं. त्यांच्यासाठी कोणाचा फोन येतच नाही."

मी मास्तरांकडून आबांचा मुंबईचा नंबर लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी मी तार ऑफिसात गेले. खिडकीशी उभं राहून, मान न हलवता, मोठ्याने सांगितलं की मुंबई लावायची आहे. बऱ्याच वेळाने लागली. आबांच्या मुलाने फोन उचलला, कोण हवंय म्हणाला. मी म्हटलं, "आबांना द्या." मग बराच वेळ काहीच नाही. मी ओळखलं, टोपी घालणं चाललं असणार.

आबा आले. मी त्यांना सगळ्या गल्लीचा निरोप जसाच्या तसा दिला. मास्तर खोकतात तिथे खोकले. वाण्याच्या आवाजात "तुम्हीच वाचा" म्हटलं. तार ऑफिसातले लोक वळून बघत होते, बघू देत. तिकडून मात्र हूं की चूं नाही. मी म्हटलं, "आबा, मान हलवली तर जळगावला दिसत नाही अजून."

"ऐकतोय," आबा म्हणाले. आवाज बारीक होता, भुसावळशी बोलतात तितकाच. "फिटले, पोरी."

ऑपरेटर बाईने तीन मिनिटं झाल्याचं सांगितलं. मी पदराची गाठ सोडली आणि खिडकीत पैसे ठेवले, पूर्ण.