सभा झाडांखाली आली तेव्हा
शेजारच्या चिनी आजी नसत्या, तर त्या संध्याकाळी मी तोंड उघडलंच नसतं. आज खाली गवत कापत होते, त्या ओल्या वासाने सगळं आठवलं. इथे परदेशात, बुकित बातोकमधल्या आमच्या इमारतीमागे कोरड्या दिवसांत सुकलेलं गवत पेटलं होतं, आणि पुन्हा आग नको म्हणून तिथली जुनी झाडंच काढायची, असं रहिवाशांच्या सभेत जवळजवळ ठरलं होतं. आग मी खिडकीतून पाहिली होती. जळलं ते गवत, झाडं नाहीत. पण माझी शाळा आठवीत सुटलेली, इंग्रजी मोडकं, त्यात नवऱ्याने बजावलेलं, "आपण कामाच्या पासवर आलेली परकी माणसं, गप्प बसायचं." आजींनी सरळ माझा हात धरून वर केला. "हिने बघितलंय! सांग ना, इथे कोणी चावत नाही." मी उभी राहिले. "ग्रास फायर. ट्री नो फायर," एवढंच निघालं. कोणी हसलं नाही. अध्यक्ष उठले, म्हणाले, "चला, दाखवा," आणि अख्खी सभा माझ्यामागून निघाली. त्या प्रचंड फांद्यांखाली सगळे माना वर करून बघत राहिले. बुंधे पायाशी जरासे काळवंडलेले, वर मात्र हिरवागार मांडव. माझ्या चार शब्दांवर एवढी माणसं इथवर चालत आली, हे मला खरंच वाटेना. गवत वेळेवर कापायचं ठरलं, झाडं राहिली. हल्ली आजींचे गुडघे दुखतात, फिरताना मध्येच थांबावं लागतं. एखाद्या सभेत मी स्वतः उठून त्या सावलीत त्यांच्यासाठी बाक मागणार आहे, आणि मिळेपर्यंत मागत राहणार आहे.