कासोट्याखालची जखम

माझी बायको गेली त्याला अजून वर्ष व्हायचंय. कशानं गेली असं कोणी विचारलं की मुलगा सांगतो, छातीत कफ झाला. ते खरंय. पण तिचे शेवटचे महिने कफात गेले नाहीत, पाठीखालच्या एका जखमेत गेले. त्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मी लिहितो. मी चौथी शिकलेला. कळवणला कांदा पिकवण्यात जन्म गेला. जमेल तसं लिहितो.

तिला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं शाबूत राहिलं. बोलायला ती पहिल्यापासून तिखट, झटक्यालाही तिथं काही करता आलं नाही. मुलगा-सून नाशकात नोकरी करतात. सत्तरी ओलांडलेल्या माझ्याच्यानं तिला उचलवेना. शेवटी तिथंच इंदिरानगरला आजारी म्हाताऱ्यांना ठेवतात अशा एका ठिकाणी तिला ठेवलं. गावात लोक म्हणाले, बायकोला टाकून दिली. म्हणोत. मी मुलाकडं राहायचो, सकाळचा चहा घेऊन तिच्याकडं जायचो आणि दिवे लागेपर्यंत तिथंच बसायचो.

तिथल्या बाकीच्या म्हाताऱ्या गाऊनमध्ये असायच्या. हिची अट एकच, लुगडं. नऊवारी, आणि कासोटा घट्ट. तिचं सगळं करणाऱ्या मावशीनं पहिल्याच दिवशी गाऊन आणला तर म्हणाली, "ते झबलं मी नाय घालायची. तान्ही हाय का मी?"

"आजी, झबल्यात गोड दिसाल."

"मग तूच घाल. तुझा नवरा तरी बघंल."

मावशी हसत हसत गाऊन परत घेऊन गेली आणि रोज लुगडं नेसवायला लागली.

काही आठवड्यांनी सिस्टरनं मला बोलावलं. बायको कुशीवर होती. माकडहाडाजवळ लाल डाग पडला होता. सिस्टरनं बोट दाबून उचललं. चांगली कातडी दाबली तर पांढरी पडते आणि परत रंग धरते. हा डाग लालच्या लाल राहिला.

"बाबा, हे कासोट्यानं होतंय," सिस्टर म्हणाली. "कापडाची घडी नेमकी हाडाखाली येते. दर दोन तासांनी आम्ही कूस बदलतो, पण घडी त्यांच्यासोबतच फिरते. ओलही धरून ठेवते."

मी चोळून देऊ का विचारलं. ती म्हणाली, अजिबात नाही, चोळलं तर आतून आणखी फाटेल.

मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "उभा जन्म कासोटा घातला. पोरं झाली, कांदे काढले. तवा नाय टोचला."

"तेव्हा तू उठत होतीस," मी म्हणालो.

तिनं भिंतीकडं तोंड केलं. मावशी कासोटा सैल खोवायला गेली की ही घट्ट करायला लावायची. तिच्यापुढं कोणाचं चालत नव्हतं, माझंही नाही.

मग तो डाग फुटला. रोजचं ड्रेसिंग सुरू झालं. खोलीत वास यायला लागला. वास तिलाही येत होता, पण ती म्हणायची शेजारणीचा आहे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, असंच चाललं तर जखम हाडापर्यंत जाईल, मग आमच्या हातात काही राहणार नाही.

डॉक्टरांना दाखवायला सिस्टरनं मोबाईलवर जखमेचा फोटो काढला होता. तो मी मागून घेतला. बायकोला चष्मा लावून दिला आणि मोबाईल समोर धरला.

"हे काय?"

"बघ."

काठ काळपट, मधे पिवळं. लिंबू मावेल एवढं खोल. तिनं तोंड वाकडं केलं. "कोणाचं हाय?"

"तुझं."

ती बघतच राहिली. मी म्हणालो, "चाळीत साठवलेला खालचा कांदा दाबला गेला, हवा लागली नाही, तर काय होतं?"

"पाणी सुटतं," ती हळू म्हणाली. "वरून कळत नाय."

"तेच झालंय."

मग तिनं विचारलं, "किती जणांनी बघितलं?"

"सिस्टर, डॉक्टर, मावशी. आणि मी."

"तुम्ही बी?"

"मी बी."

तिनं चष्मा काढून माझ्याकडं दिला. मग म्हणाली, "सोडा. मावशी नको, लुगडं तुम्ही सोडा. पण जखम भरली की लुगडं नेसून घरी जायचं. कळवणला. पोराकडं नाय."

"जाऊ," मी म्हणालो.

एवढा संसार झाला, पण लुगडं कुठं कसं खोवलेलं असतं ते मला ठाऊक नव्हतं. मी ओढत राहिलो. ती म्हणाली, "उलटं ओढताय. गाय सोडताय का?" मला हसू आलं. तिचे डोळे मात्र मिटलेले होते.

मग गाऊन आला. खाली हवेची गादी, गुडघ्यांमधे उशी, खायला रोज अंडं. पहिले दिवस मावशी कूस बदलायला आली की ही मला चादर आडवी धरायला लावायची, आणि माझंही तोंड दाराकडं करायला सांगायची. ड्रेसिंग झालं की सिस्टरला विचारायची, "भरली का?"

"भरतेय आजी. तळातून भरत येते, वेळ लागतो."

"कांदा निघायच्या आत भरू दे."

रोज तेच. "भरली का?" त्यासाठी नको असलेलं अंडंही खायची. मग कधीतरी तिचं विचारणं थांबलं. कधी ते माझ्या ध्यानात आलं नाही. चादर धरायलाही सांगेनाशी झाली.

एके दिवशी सिस्टर म्हणाली, "बाबा, बंद झाली जखम." मी पाहिलं. गुलाबी, पातळ, नवी कातडी. मी कपाटातून लुगडं काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

"भरली गं."

"बरं झालं."

"मावशीला बोलावू का? सैल नेसवायला सांगतो."

तिनं उजव्या हातानं लुगड्याचा काठ चाचपला. "राहू द्या. हे झबलंच मोकळं हाय. बरं वाटतं."

"कळवणला जायचं ना?"

"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "चाळीतला कांदा बघून या."

मावशी आली. गाऊन मांडीपर्यंत वर सरकला. मी समोर होतो. तिनं तो खाली ओढायला सांगितलं नाही. ती माझ्याकडंच बघत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तेव्हा मला कळलं, ही आता घरी यायची नाही. कफ त्यानंतर झाला.

मी कळवणला गेलो नाही. त्या दिवशी मावशी एकटीच होती, म्हणून दुसऱ्या बाजूनं मी हात घातला आणि आम्ही दोघांनी तिची कूस बदलली.