पोपटाचं मानपत्र

दिगंबर सर वर्गात शिरत नसत. व्हरांड्यात उभे राहून नुसते कान देत. आतून पोरांचा एकसुरी गजर ऐकू आला की मान डोलवत, "शिक्षण चालू आहे," म्हणत आणि चहा मागवत.

गौलीगुड्यातल्या आमच्या प्राथमिक शाळेचे ते मुख्याध्यापक. पोरं हमालांची, भाजीवाल्यांची. घरी कुणी मराठी बोले, कुणी तेलुगू, कुणी दखनी. पाटी मात्र इंग्रजी माध्यमाची. पाचवीतल्या पोरांना धड एक ओळ वाचता येत नसे, पण धडे सगळे तोंडपाठ. मी कुरकुरले की सर म्हणत, "कायकू डोकं खाता बाई? गरिबाचं पोर इंग्रजीत ओरडतंय, हे काय कमी झालं?" असा शिक्षणतज्ज्ञ दिवा लावून शोधला तरी सापडायचा नाही! माणूस दुष्ट नव्हता. अनवाणी पोरांना पदरमोड करून चपला घेऊन देई. त्यांच्या डोक्यात काही घालायचं मात्र त्याला कधी सुचलं नाही.

गजर सुरू करून देणारी अनिता ही लसूण विकणाऱ्या शांताबाईंची मुलगी. पाहुणे आले की सर तिलाच उभं करत. एकदा मी पोपटाच्या धड्यातल्या मधल्याच शब्दावर बोट ठेवलं, तर पोर पहिल्या ओळीपासून धडा म्हणू लागली. थोड्याच दिवसांत ती हायस्कुलात जाणार होती. तिथे तिचं कसं व्हायचं?

"रोज तासभर अनिताला माझ्याकडे बसू द्या. अक्षरांपासून सुरू करते," मी सरांना म्हटलं.

"पाचवीच्या पोरीला अक्षरं? शाळेची अब्रू काढता काय? नक्को!"

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात मानपत्र इंग्रजीतच हवं आणि अनितानेच वाचावं, हा त्यांचाच हट्ट. ते छापून आलं ऐनवेळी, त्यामुळे पाठ करून घ्यायला वेळच मिळाला नाही. अनिताने मानपत्राची फ्रेम हातात धरली, मोठा श्वास घेतला आणि खणखणीत सुरुवात केली, "द पॅरट इज ग्रीन..."

व्यासपीठावरचे पाहुणे गंभीरपणे माना हलवत होते. पोपट पेरू खाऊ लागला, तेव्हा सरांनी डोळे पुसले. टाळ्या थांबेनात. "ऐकलंत बाई? काय आवाज!" सर मला म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अनिता खाली उतरून माझ्याजवळ आली.

"बाई," तिने हळूच विचारलं, "ह्याच्यात सरांबद्दल चांगलंच लिहिलंय ना?"

"बघू या," मी म्हटलं आणि तिचं बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. नक्को म्हणणारे गृहस्थ आता निवृत्त झाले होते.