हातोडीवाले काका

मूल बरोबर नसलेला पुरुष बागेत झोक्यांजवळ घुटमळत असला, की आयांचं लक्ष जातंच. माझंही गेलं. मी घरीच शिवणकाम करायची आणि संध्याकाळी पाचला चार वर्षांच्या लेकीला घेऊन कोपऱ्यावरच्या बागेत जायची. साठी ओलांडलेला, हडकुळा, कडक इस्त्रीच्या शर्टातला हा गृहस्थ रोज आमच्याआधी हजर. खांद्याला कापडी पिशवी. मुलं झोके घेत असताना तो बाकावर डोळे मिटून बसायचा आणि मान कलती करून कसला तरी कानोसा घ्यायचा. मुलं उतरली की उठून झोक्याचे खांब चाचपायचा, इकडेतिकडे बघायचा, पिशवीत हात घालायचा. आमची चाहूल लागली की हात रिकामाच बाहेर.

"मला काही हे लक्षण बरं दिसत नाही," जुळ्यांची आई म्हणाली. मी मान हलवली. मलाही दिसत नव्हतं.

एके दिवशी तो माझ्या लेकीला म्हणाला, "बाळ, त्या कडेच्या झोक्यावर नको बसू. मधल्यावर बस."

मी धावतच गेले. "तिनं कुठं बसायचं हे तुम्ही का सांगताय?"

"सहज," एवढं बोलून त्यानं काढता पाय घेतला.

सहज! त्या एका शब्दानं माझ्या जिवाला घोर लावला. दुसऱ्या दिवशी मी लेकीला शेजारणीकडे ठेवलं आणि चारलाच बागेत जाऊन कुंपणाच्या झुडपांमागे उभी राहिले. बागेत चिटपाखरू नव्हतं. त्यानं पिशवीतून हातोडी काढली, झोक्याच्या वरच्या नळीवर टकटक केलं, खांबाला कान लावला आणि खडूनं खूण केली. हा माणूस झोका खिळखिळा करतोय!

त्याच संध्याकाळी मी तक्रार लिहिली. अकरा आयांनी सह्या केल्या. बागेच्या कारकुनानं त्याला बोलावून घेतलं. कचेरी म्हणजे पंपाशेजारची खोली. पाण्याच्या नळ्यांची वेटोळी, एक मोडका बाक आणि फायलींखाली दबलेलं टेबल.

"पिशवी उलटी करा," कारकून म्हणाला.

हातोडी, खडू, तारेचा ब्रश, बॅटरी आणि एक वही. वही मी झडप घालून उघडली. सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'कडेचा झोका, डावा सांधा, आवाज बद्द. लाल बूटवाली मुलगी रोज इथंच बसते.'

लाल बूट माझ्या लेकीचे. माझं डोकंच फिरलं. "हे काय आहे? बोला!"

तो म्हणाला, "तो झोका तुटणार आहे. कधी, ते सांगता येत नाही."

कारकून हसला. "अहो, मागच्या महिन्यात रंग दिलाय त्याला."

"रंगच दिलाय. रंगाखाली बघितलं का कुणी?"

आम्ही सगळे झोक्यापाशी गेलो. त्यानं एकेका सांध्यावर हातोडी टेकवली. तीन सांधे खणखणीत वाजले. चौथा तडकलेल्या मडक्यासारखा बद्द बोलला. मग त्यानं ब्रशनं रंग खरवडला. नळीला अर्धा वेढा घालणारी केसाएवढी भेग होती. कारकुनाचं हसू मावळलं.

तरी मी विचारलं, "ही तुम्हीच पाडली नसेल कशावरून?"

राग यायच्या ऐवजी त्याचा चेहरा उजळला. "चांगला प्रश्न! गंज बघा. आतपर्यंत गेलाय. कालच्या भेगेत एवढा गंज कुठून येणार?"

"मग आधी सांगितलं का नाही?"

"पुराव्याशिवाय तुम्हाला घाबरवायचं नव्हतं. यांना सांगितलं होतं. दोनदा."

"एकदाच," कारकून फायलीत बघत पुटपुटला.

झोका त्याच दिवशी बंद झाला. आमच्या तोंडी 'तो'चे 'काका' झाले. माझी शंका मात्र फिटली नाही. कुणी सांगितलं नसताना माणूस असं का करेल? मी त्यांच्या घरचा पत्ता काढला आणि सरळ काकूंना गाठलं.

"एकतीस वर्षं कारखान्यात बॉयलरचं वेल्डिंग तपासलं त्यांनी," काकूंनी सांगितलं. "तिथं त्यांना शंकासुरच म्हणायचे. निवृत्त झाले आणि माझ्या राशीला आले. कडी नीट लागली का? गॅस बंद का? दुधाचं पातेलं कुणी हलवलं? वाचनालय झालं, बुद्धिबळ झालं, कशात जीव रमेना. एकदा मी वैतागून म्हटलं, अहो, जगात शंका घ्यायला दुसरं काही नाही का? मग एक दिवस बागेतून आले ते उड्या मारतच. म्हणाले, मला माझं काम सापडलं! मला वाटलं, कुणीतरी बाई भेटलीय."

"मग?"

"मग काय? दोन दिवस मीही त्यांच्या मागावर होते."

त्यानंतर काका दुसऱ्या बागांत जायला लागले, तशी शनिवारी मीही निघायला लागले. काकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. "नजर ठेवायला येताय ना?"

"हो."

"या. पण निदान खडू तरी धरा."

खडू धरता धरता मला ऐकायची सवय लागली. शिवणीत खांद्याशी ताण कुठं येतो हे मला ठाऊक होतंच. लोखंडाचंही काही फार वेगळं नव्हतं. एकदा मी विचारलं, कारखान्यातलं मोठं काम सोडून झोके का? काका म्हणाले, "त्या बॉयलरशेजारी कोण उभं राहणार, हे मला कधी दिसलं नाही. इथं दिसतं. बुटांच्या रंगासकट."

याला आता पाच वर्षं झाली. तीन बागांतले नऊ सांधे काकांमुळे नव्यानं जोडले गेले. एकदा ते चुकलेही. धडधाकट घसरगुंडी आठवडाभर बंद राहिली आणि मुलांनी त्यांच्याशी कट्टी घेतली. मी लेकीला त्यांच्याबरोबर एकटं कधीच सोडलं नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे. सोडूही नका."

गेल्या महिन्यात बागेत नवे झोके आले, तपासणीच्या प्रमाणपत्रासकट. काकांनी कागद पुढून मागून वाचला आणि कारकुनाला विचारलं, "सही करणाऱ्यानं झोका बघितला होता का?"

"आता प्रमाणपत्रावरही शंका?" कारकुनानं कपाळाला हात लावला.

काकांचे गुडघे हल्ली दुखतात, त्यामुळे शिडीवर मीच चढले. ते खालून बॅटरी धरून सांगत होते, "डावीकडचा. नाही, त्याच्या पलीकडचा. हं, आता वाजवा."