मामाजींची छागल

परदेशांशी बोलणी करायला दिल्लीचं सरकार राजदूत नेमतं म्हणे. जऊळक्याभोवतीच्या आमच्या गावांना तसा एकच राजदूत होता, माझे मामासासरे, आणि त्यांच्या तोडीचा दिल्लीलाही सापडला नसता. त्यांची सगळी कारकीर्द मी एका सकाळी मूठभर साखरेत बुडवली. तेव्हा मी मॅट्रिक होते, रिसोडची होते आणि नुकतं लग्न झालेली होते. एवढं शहाणपण एका बाईत मावत नाही, थोडं सांडतंच.

मामाजी म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. जऊळक्याला थोडी कोरडवाहू शेती, एक सायकल आणि बाकी सगळा वेळ दुसऱ्यांच्या भांडणांसाठी राखून ठेवलेला. कुठे शेताच्या धुऱ्यावरून कुऱ्हाडी निघाल्या, कुठे ठरलेली सोयरीक फिसकटली, की सायकल निघालीच. त्यांचं बसणंसुद्धा जगावेगळं. आत नाही, ओट्यावर नाही, बरोबर उंबऱ्यावर. सासूबाई दर वेळी ओरडत, "अरे, उंबऱ्यावर बसू नये, घराले बरं नसते!" त्यावर हे म्हणत, "आत बसलो तं तुमचा झालो, बाहीर बसलो तं त्याईचा झालो. मले कोनाचंच व्हाचं नाही, ताई." आम्ही सासवा-सुनांनी भाजीच्या मिठावरून अबोला धरला, तेव्हाही ते उंबऱ्यावर बसून दोघींचे निरोप पोचवत होते. आम्ही दोघी हाताच्या अंतरावर होतो, तरीही.

निरोप मात्र जसाच्या तसा कधीच पोचायचा नाही. शिव्या ते वाटेत धुऊन, पिळून, वाळवून पलीकडे नेत. माझे सासरे, म्हणजे गावचे सरपंच, खवळून म्हणाले होते, "त्याईले सांग, खड्ड्यात जा म्हना!" पलीकडे पोचेस्तोवर त्याचं झालं, "पाटील म्हनतात, बसून बोलू." मी त्यांना पकडलं. म्हटलं, "मामाजी, असं ते कुठे म्हणाले?" तर शांतपणे म्हणाले, "म्हनतीन न, सूनबाई. मी पुढं नेऊन ठेवतो, मानूस मागून येते."

आणि ती छागल! सायकलच्या दांडीला लटकणारी जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. बोलणी सुरू असेपर्यंत मामाजी दोन्ही बाजूंचं पाणी पीत नसत. घरून भरून आणलेली छागल आणि फडक्यातल्या दशम्या, एवढ्यावर दिवस काढत. समेट झाला की मात्र चारचौघांत एकीकडचा तांब्या प्यायचे, मग दुसरीकडचा. तीच सही, तोच शिक्का. ते पाणी प्यायल्यावर शब्द फिरवायची कोणाची छाती नव्हती.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याच गावात पेटलं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. नाल्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे बौद्धांची वस्ती, ग्रामपंचायत एकच. पण मतपेटी गावानं कधी पाहिली नव्हती. सासऱ्यांच्या बैठकीत माना हलायच्या आणि पंचायत बिनविरोध व्हायची. पलीकडच्या कोणी अर्ज भरलाच, तर तो मागे घ्यायला लावायचा. त्या साली त्यांनी अर्ज मागे घ्यायला नकार दिला. गावानं त्यांचं दळण बंद केलं. त्यांनी आमच्या कापसाला हात लावायचं सोडलं. बोंडं झाडावर फुटून लोंबत होती आणि पलीकडच्या बाया जात्यावर दळून दळून हाताला फोड आणत होत्या.

मामाजी नाला ओलांडून इकडून तिकडे करू लागले. पलीकडे सुभद्राबाई म्हणून होती, आमच्या शेतात वेचणीला यायची, तिच्याच नवऱ्याचा अर्ज होता. तिनं पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं, "तुमी पाटलाचे साळे. तुमच्यावर काहून भरोसा ठेवाव?" मामाजींनी नुसती छागल दाखवली. त्या पाण्यावर वस्तीनं भरोसा ठेवला. आणि खरोखर, सासरे वाकले. अर्ज राहील, शाळेत मतपेटी येईल, सगळे एकाच रांगेत उभे राहतील. फक्त पलीकडे लिंबाखाली बसून शेवटचा शब्द घ्यायचा उरला होता.

त्या सकाळी छागल आमच्या ओट्यावरच्या खुंटीला होती. मला रीत सांगितलेली होती, पण मॅट्रिकला ती खुळचट वाटली. म्हातारा माणूस, वास मारणारं शिळं पाणी पितो! मी छागल घासली, आमच्या आडाचं गार पाणी भरलं, लिंबू पिळलं, साखर घातली, वर वेलदोडा. रिसोडचा हात दिसायला नको?

पलीकडे बोलणं संपत आलं तेव्हा मामाजींनी घोट घेतला आणि थबकले. गिळून गप्प बसले असते तर कोणाला कळणार होतं? पण ते उभे राहिले आणि म्हणाले, "हे पाटलाच्या घरचं पानी हाय. आता मी मधातला राह्यलो नाही." एवढं बोलून सायकल हातात धरून नाला उतरले. वस्ती म्हणाली, साळा तो साळाच. गाव म्हणालं, बरं झालं. शिक्का न बसलेला शब्द सासऱ्यांनी फिरवला, अर्ज मागे घ्यायला लागला, माना हलल्या, सासरे पुन्हा सरपंच झाले. गुलाल माझ्याही कपाळाला लागला.

घरात मामाजींनी सांगितलं, छागल मीच भरली, ध्यानात राह्यलं नाही. शेवटचा निरोपही धुऊनच दिला त्यांनी. जाताना उंबऱ्यात मला एवढंच म्हणाले, "साखर जराशी जास्त झाली, सूनबाई." त्यानंतर ते कोणाच्या भांडणात पडले नाहीत. छागल जऊळक्याच्या घरात खिळ्याला वाळून विरली, आणि एका उन्हाळ्यात मामाजीही गेले.

आणीबाणी येऊन गेली. पलीकडच्यांनी तहसीलच्या चकरा मारमारून शेवटी मतपेटी आणलीच, मधे कोणी राजदूत न घेता. शाळेपुढच्या रांगेत माझ्यापुढे सुभद्राबाई उभी होती, केस पांढरे झालेली. नवरा तोवर राहिला नव्हता, त्यांच्याकडून दुसऱ्याच कोणाचं नाव होतं. ऊन तापलं होतं. माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "सुभद्राबाई, ती छागल मामाजींनी नव्हती भरली. मी भरली होती."

रांग सरकली तशी ती सरकली. मग मागे न बघता म्हणाली, "मी त्या दिवशी तांब्या घासून ठेवला होता, बाई. समेट झाल्यावर आमचं पानी त्यानं पेलं असतं का नसतं, आता मी कोनाले इचारू?"