चार वाजून एकोणीस मिनिटांनी मी ऑनलाइन नव्हते

इथले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर करमणूक म्हणूनच वाचत होते. मी फिजिक्स शिकवते. लातूरच्या ट्यूशन एरियात तेरा वर्षं झाली. कुणी म्हणालं दिवा आपोआप लागला, की माझ्या डोक्यात आधी लूज कनेक्शन येतं. सासूबाई असलं काही सांगायला बसल्या की मी चहा ठेवायचं निमित्त काढून उठते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय… पण आता चार महिने झाले, आणि लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

मुलीचं नाव बदललंय, गावाचं नाव सांगत नाही. बाकी जसं घडलं तसं.

आमच्या क्लासची एक ऑनलाइन बॅच आहे. लातूर-नांदेडला येऊन राहणं ज्यांना जमत नाही अशा मुलांसाठी. कंधार, नायगाव, निलंगा, उदगीर – कुठून कुठून मुलं जोडलेली असतात. बासष्ट जण. रोज दुपारी चार ते साडेपाच मी घरूनच शिकवते. लॅपटॉपवर लिहायचं आणि त्याच स्क्रीनवर मुलांचे मेसेज बघायचे, यात मान मोडून जायची, म्हणून मी एक मोठा मॉनिटर घेतला. लॅपटॉपला त्याची वायर लावायला जागाच नव्हती. मग एक छोटा हब आणला, म्हणजे जास्तीच्या वायरी जोडायची डबी. हब लॅपटॉपला, मॉनिटर हबला. सोपं काम.

पहिल्याच दिवशी मॉनिटर लावला आणि दोन मिनिटांत वायफाय गेलं. मॉनिटर काढला, वायफाय आलं. परत लावला, परत गेलं.

चार दिवस मी जे जे सुचेल ते केलं. राउटर बंद-चालू केला. ड्रायव्हर नवीन टाकला. वायफाय विसरायला लावून परत जोडलं. बॅटरी वाचवायची सेटिंग बंद केली. मॉनिटरचं रिझोल्यूशन कमी केलं, तेव्हा जरा बरं चाललं, की परत तेच. मुलांची परीक्षा दीड महिन्यावर आलेली. आमच्या को-ऑर्डिनेटर सरांचा रोज फोन – "मॅडम, पालक फोन करून राहिलेत, काहीतरी बघा लवकर."

"मग मॉनिटर लावू नकोस ना," असं नवरा म्हणाला. तो बरोबरच होता. पण मी हट्टाला पेटले होते.

पाचव्या दिवशी रफीकभाईंना बोलावलं. त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यांचे वडील त्याच दुकानात रेडिओ दुरुस्त करायचे. माणूस पन्नाशीचा, बोलायला कमी, कामाला पक्का. साडेतीनला आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, बंद मशीन बघून काय कळणार? क्लास सुरू करा. वायफाय जाताना बघायचंय मला."

मी क्लास सुरू केला. मुलांना सांगितलं की आज मध्येच दोन मिनिटं थांबावं लागेल. चार वाजून सतरा मिनिटांनी रफीकभाईंनी मॉनिटर जोडला. झालं! स्क्रीनवर 'कनेक्शन तुटले' आलं. मी सवयीने हब काढायला हात घातला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. हात नका लावू. आता खरी गंमत हाय."

मी हेडसेट काढून टेबलावर ठेवला. त्यांनी आपल्या मोबाइलवर वायफायचा सिग्नल दाखवणारं काहीतरी उघडलं आणि मोबाइल हबजवळ नेला. त्यांच्याही मोबाइलचं वायफाय गेलं! दोन हात लांब नेला, आलं. जवळ नेला, गेलं.

"बघा," ते म्हणाले. "लॅपटॉप ठीक, राउटर ठीक. ह्यो हब आन् ही केबल बोंब मारायलेत. त्या बोंबेत वायफायचा आवाज लॅपटॉपला ऐकूच येईना."

आणि मी कपाळाला हात लावला. कारण हा माझा धडा! विद्युतचुंबकीय लहरी, वारंवारता, व्यत्यय… दर वर्षी फळ्यावर काढते. हबमधून ज्या वारंवारतेचा कचरा बाहेर पडत होता, नेमक्या त्याच पट्ट्यात माझं वायफाय चालत होतं. बाप्पा, चार दिवस मी ड्रायव्हर शोधत बसले होते. आम्ही दोघं खूप हसलो. रफीकभाईंनी चांगली केबल लावली, हबला एक लांब वायर जोडून तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, राउटरमध्ये जाऊन दुसरा पट्टा चालू केला. चार तेवीसला वायफाय परत आलं. मॉनिटर जोडलेला असूनही. आजतागायत एकदाही गेलेलं नाही.

म्हणजे सहा मिनिटं माझा लॅपटॉप बंद दारासारखा होता. हे लक्षात ठेवा.

परत जोडली गेले तेव्हा मुलांचे ढीगभर मेसेज होते. 'मॅडम आवाज येईना.' 'मॅडम तुम्ही फ्रीझ झालात.' 'मॅडम क्लास संपला का?' त्यांत एक मेसेज वेगळा होता. निलंगा तालुक्यातल्या एका खेड्यातून शिकणाऱ्या प्रणिताचा. 'हो मॅडम, जाते.' वेळ चार एकोणीस. मला वाटलं कुणी हाक मारली असेल, गेली असेल. मी पुढे शिकवायला लागले. ती काही परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, मी प्रणिताचा बाप बोलतोय. बालाजी. लई उपकार झाले बगा तुमचे."

"कशाचे हो?" मी म्हटलं. मला वाटलं टेस्टमध्ये मार्क चांगले आले असतील.

"अहो, पोरीला तुमी भाईर काढलं म्हणून वाचली. न्हाईतर…"

माझ्या हातात डबा होता, तो तसाच राहिला.

आमच्या भागात भूकंप हा विषय कधी जुना होत नाही. तो मोठा भूकंप झाला तेव्हा मी बालवाडीत होते. आम्ही शहरातले, वाचलो. पण आमच्या वयाची माणसं आजही नवीन घरात गेली की आधी दार कुठे आहे ते बघतात. निलंग्याकडे तर अजूनही अधूनमधून जमिनीतून गुरगुर ऐकू येते. भांडी थरथरतात, माणसं अंगणात येतात, थोडा वेळ उभी राहतात आणि परत आत जातात. पेपरात चार ओळी येतात. आदल्या दिवशीही तसाच एक हलका धक्का बसला होता. लातुरात मला कळलाही नाही. पण तिकडे आठ दिवसांची पावसाची झड होती. प्रणिता ज्या जुन्या दगडमातीच्या खोलीत अभ्यासाला बसायची, तिची भिंत पाण्याने फुगली होती, आणि तेवढ्या धक्क्याने ती आत पडली. वरचं माळवद, म्हणजे मातीचं छत, खाली आलं. नेमकं तिच्या खाटेवर.

"पोरीला फोन द्या," मी म्हटलं.

प्रणिता फोनवर आली. हळू बोलत होती. मी विचारलं, "बेटा, नक्की काय ऐकलंस तू?"

"तुम्ही बोललात ना मॅडम. चित्र थांबलं होतं, सगळे लिहायले होते आवाज येईना म्हणून. पण मला येत होता. तुम्ही म्हणालात, ऊठ, बाहेर अंगणात जा."

"आणि जमीन तेव्हा हलली का?"

"नाही मॅडम. तेव्हा काहीच नव्हतं. मी मेसेज केला, फोन घेऊन अंगणात आले, लिंबापर्यंत गेले. मग गुरगुरलं."

मी फोन ठेवला आणि खाली बसले.

नंतरचे आठ दिवस मी फिजिक्सची बाई म्हणून जे करायचं ते सगळं केलं. राउटरची नोंद काढली – लॅपटॉप चार सतराला सुटला, चार तेवीसला जोडला गेला. मधे काही नाही. क्लासचं रेकॉर्डिंग ऐकलं. सहा मिनिटं शांतता. ज्या अ‍ॅपवर क्लास चालतो त्यांना लिहिलं, त्यांचं उत्तर आलं की त्या वेळात तुमच्याकडून आमच्याकडे काहीही पोचलेलं नाही. माझा मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. बाकीच्या एकसष्ट मुलांना एकेक करून विचारलं. कुणालाच आवाज आला नव्हता. आधीचं बोलणं अडकून उशिरा पोचलं असेल म्हणावं, तर तसं काही मी बोललेच नव्हते. माझ्या जुन्या तासांतही 'अंगण' हा शब्द कशाला येईल?

रफीकभाईंकडे गेले. म्हटलं, "त्या सहा मिनिटांत मी काय काय बोलले, आठवतं का?"

त्यांनी विचार केला. "तुम्ही म्हणलात, आग लागो या हबला. मग हसलात. मग चहा टाकू का विचारलात." मी सगळं सांगितल्यावर त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मॅडम, वायफाय का गेलं ते मी सांगितलं. हे मला नका विचारू… अल्ला जाने."

रविवारी मी नवऱ्याबरोबर त्या गावी गेले. न जाता राहवलंच नसतं. बालाजीरावांनी ती खोली दाखवली. भिंतीला मोठं भगदाड, खाटेचे लोखंडी पाय वाकून जमिनीला टेकलेले, मातीत अर्धं पुरलेलं माझ्याच नोट्सचं पुस्तक. प्रणिता माझ्यापेक्षा शांत होती. मला वाटलेलं त्यापेक्षा ती लहान दिसत होती. स्क्रीनवरच्या त्या छोट्याशा चौकोनात काय कळतं?

अजूनही मनात होतं की पोरीने आधी बारीक थरथर ओळखली असेल, भूकंपाच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली, मनानेच तिला उठवलं असेल आणि तिला तो माझा आवाज वाटला असेल. हे होऊ शकतं. मी तिला तसं म्हटलंही.

ती म्हणाली, "नाही मॅडम. तुम्हीच होता. मला पहिल्यांदा प्रणिता म्हणालात. मी उठले नाही, मला वाटलं दुसऱ्या कुणाला बोलायलेत. मग तुम्ही मला चिंगी म्हणालात."

मी तिच्या आईकडे बघितलं. आई दारात उभी होती. "घरात चिंगीच म्हणतोत आमी," ती म्हणाली. "पण शाळेत कुणालाच म्हाईत न्हाई. तिला आवडत न्हाई ते. भांडती."

"मॅडम, एक विचारू?" प्रणिता म्हणाली. "तिसऱ्या वेळी हाक मारलीत तेव्हा तुम्ही रडत होता. का?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. लिहितानाही येतोय. त्या वेळी मी लातुरात, माझ्या घरात, टेबलाशी उभी राहून हसत होते. चहा विचारत होते. माझ्याकडे साक्षीदार आहे.

तेवढ्यात आई आतून सूप घेऊन आली. तांदूळ, नारळ, हिरवा खण, हळदकुंकू. माझी ओटी भरायला. मला ते सहन होईना. दुसऱ्याचं श्रेय घेतल्यासारखं वाटायला लागलं. मी त्यांचा हात धरला आणि सगळं खरं सांगून टाकलं. वायफाय बंद होतं. मी बोललेच नाही. माझ्याकडे पुरावे आहेत. मी नव्हते हो ताई, खरंच मी नव्हते.

नवरा माझ्याकडे बघत राहिला. प्रणिता खाली बघत होती.

आईने सूप तसंच हातात धरलं होतं. ती म्हणाली, "असू द्या मॅडम. तुमी नव्हता, तर मग ओटी कुणाची भरू आमी?"

याचं उत्तर कोणत्याही धड्यात नाही. मी ओढणीचा पदर पुढे केला आणि तिने ओटी भरली.