औषधाचं पत्रक लिहिणारी

मोनाली होले आणि मी अकोल्याच्या एका दैनिकात एकाच टेबलावर बसून प्रुफं तपासायचो. २०२१च्या जूनमध्ये त्याची अकोला आवृत्ती बंद झाली. संपादकांनी आम्हा नऊ जणांना चहा पाजला आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मला मूर्तिजापूरच्या एका शाळेत काम मिळालं. मोनाली तेल्हाऱ्याला, आपल्या घरी गेली.

घर माळ्याचं. वडील खुशालराव ओलिताच्या तीन एकरांत वांगी, भेंडी, कोथिंबीर घेतात आणि आठवडी बाजारात स्वतः बसून विकतात. मोनालीने अमरावतीला मराठीत एम.ए. केलं होतं. तेव्हापासून सकाळी दोन तास ती कथा लिहायची. चार कथा छापूनही आल्या होत्या. मानधन म्हणून प्रत्येक वेळी अंकाची एक प्रत यायची. नोकरी होती तोवर याचं तिला काही वाटलं नाही.

घरी आल्यावर तिने काम शोधायला सुरुवात केली. पुण्याच्या एका कंपनीने नमुन्यादाखल तीन लेख मागवले. तिने आठवडाभर खपून ते दिले. लेख त्यांच्या वेबसाइटवर दिसले, उत्तर मात्र आलं नाही. त्यानंतर तिने ठरवून टाकलं, नमुना एका पानाचाच द्यायचा. पण त्याच सुमारास सकाळचं लिहिणंही सुटलं. फोनवर मला म्हणाली, "वही उघडून बसते आणि कोणासाठी लिहायचं तेच कळत नाही." मी काहीतरी धीराचं बोललो. त्याचा उपयोग झाला नाही.

पुढे एकदा खुशालराव वांग्यासाठी औषध घेऊन आले. बाटलीसोबत घडी घातलेलं पत्रक होतं. मोनालीने ते सवयीने वाचलं. 'सदर कीटकनाशकाची हाताळणी करताना वैयक्तिक संरक्षक साधनांचा यथोचित वापर अनिवार्य आहे.' तिने वडिलांना विचारलं, "बाबा, यात काय लिहिलंय ते वाचता का तुम्ही?"

"थे त्याईच्या कामाचं असन," खुशालराव म्हणाले. "आपल्या कामाचं दुकानदार सांगते."

तिने त्याच दिवशी ते पत्रक एका पानात, बोलतात तसं नव्याने लिहून काढलं. पत्रकावर छापलेल्या नंबरवर ती पाच दिवस फोन करत राहिली आणि शेवटी कंपनीच्या अकोल्यातल्या अधिकाऱ्यापर्यंत पोचली. नितेश गावंडे त्याचं नाव. त्याने तिला ऑफिसात बोलावलं, पान वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, हे समजतं, पण आमच्या वरच्या ऑफिसला अशुद्ध वाटेल."

"शुद्ध होतं ते माझ्या वडिलांनी उघडूनही पाहिलं नाही," मोनाली म्हणाली. "हे लोकांना समजतं का, ते मी वावरात वाचून दाखवून पाहते. आठ दिवस द्या. पण कामाची रक्कम आधी ठरवू."

नितेशने वर फोन केला, दहा मिनिटं बोलला आणि रक्कम ठरली.

शेजारच्या वावरात पाच बाया तण निंदायला आल्या होत्या. दुपारच्या सुट्टीत मोनाली त्यांच्यात जाऊन बसली आणि पान वाचलं. तोंडाला रुमाल बांधा, वारा पाठीवर घ्या, फवारा मारताना तंबाखू खाऊ नका. बायांनी माना डोलावल्या. त्यांच्यात जमुनाबाई म्हणून पन्नाशीच्या एक होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "फवारा मारनाऱ्याचं सारं सांगतलं तुनं. त्याचे कपडे कोन धुते?"

"घरच्या बाया," मोनाली म्हणाली.

"मंग थे काहून नाई लिवलं? आमी साऱ्याईचे कपडे एकाच पान्यात भिजवतो. लेकराचे बी. दोन वर्स झाले, माये हात खाजून राहिले."

त्यांनी हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलली होती. मोनालीने मला नंतर सांगितलं, की तेव्हा तिला आपल्या आईचे तसेच सोललेले हात आठवले आणि लाज वाटली. वडिलांचे फवाऱ्याचे कपडे तिच्या घरी आईच धूत होती, आणि हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती जमुनाबाईंना आणि आईला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी मलम दिलं आणि ते कपडे वेगळे धुवायला सांगितलं.

पान तिने पहिल्यापासून लिहिलं. सुरुवात कपड्यांपासून केली. फवाऱ्याचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका, त्यांची बादली वेगळी ठेवा, धुणारीच्या हातात रबरी मोजे असू द्या. पुन्हा वाचलं, तेव्हा जमुनाबाई म्हणाल्या, "आता बरोबर हाय."

वरच्या ऑफिसला ते बरोबर वाटलं नाही. कपड्यांचा मजकूर शेवटी घ्या, भाषा प्रमाण करा, असं उत्तर आलं. भाषेचं मोनालीने बरंच ऐकलं. वऱ्हाडी शब्द दोन-चारच ठेवले, वाक्यं सोपी ठेवली. कपड्यांचं मात्र ऐकलं नाही. "माझं नाव छापू नका, चालेल," तिने नितेशला सांगितलं, "पण हे वरच राहील." नितेशची आईही घरी फवाऱ्याचे कपडे धूत आली होती. तो वर तीन वेळा भांडला. पत्रक मोनालीच्या क्रमानेच छापलं गेलं.

त्यानंतर त्याच कंपनीची सहा पत्रकं तिच्याकडे आली. छापलेला कागद हातात धरून ती अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात गेली. ऑपरेशननंतर घरी काय करायचं, याची माहिती ती आता त्यांच्यासाठी लिहिते. पहिल्या वर्षी अकरा ठिकाणी नकार मिळाला, तीन ठिकाणी काम. आता अमरावतीजवळ बडनेऱ्याला तिने खोली घेतली आहे. पत्रक कोणतंही असो, छापायला देण्याआधी ती तेल्हाऱ्याला जाऊन बायांना वाचून दाखवते आणि त्यावर त्यांच्याशी दुपारभर बोलते. "आमचा अर्धा रोज बुडते," असं जमुनाबाईंनी एकदा स्पष्ट सांगितल्यावर ती ऐकणाऱ्या प्रत्येकीला अर्ध्या दिवसाची मजुरी देते आणि ती कंपनीच्या बिलात लावते.

सकाळचे दोन तास पुन्हा सुरू झाले. ते कधी सुरू झाले, हे तिला नीट सांगता येत नाही. मागच्या वर्षी एका मासिकाने तिच्या कथेचं मानधन दिलं, थोडंच, पण दिलं. एका प्रकाशकाने कथासंग्रह काढायची तयारी दाखवली आणि छपाईचा खर्च तिच्याकडे मागितला. तिने नको म्हणून कळवलं. संग्रह अजून झालेला नाही. दहावी कथा चालू आहे.